'श्वास' बाबांनी अर्ध्यावर सोडला. पुढचा दाखवू का?

खळ्यातली
गुहागर तालुक्यात माहेरी आलेय. बाबांचा मोतीबिंदू काढला, चिपळूणला. वाकायचं नाही, आगरात जायचं नाही, त्यात आषाढाचा पाऊस. म्हणून दिवेलागणीनंतर माजघरात लॅपटॉप मांडते. वीज राहील तेवढा सिनेमा.

'व्हेंटिलेटर' दोघांनाही आवडला. आयसीयूबाहेर जमलेला कामेरकरांचा गोतावळा, तोंडावर आलेले गणपती. आई प्रत्येक पात्राला आमच्या भावकीतलं एकेक नाव देत होती. गर्दीचे प्रसंग मला जरा लांबल्यासारखे वाटले, पण बाप-लेकातला अबोला फार खरा आहे.

'मुंबई-पुणे-मुंबई'ला बाबा झोपले. आई मात्र शेवटपर्यंत जागी. दोन माणसं दिवसभर पुण्यात फिरतात आणि बोलतात, एवढाच सिनेमा. संपल्यावर म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा पोहे ठेवून मी आत गेले. ह्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो लग्नानंतर." एवढं बोलून भात बघायला उठली. प्रेमाच्या सिनेमांना मी आजवर हलकं समजत आले, ते चुकलंच.

काल 'श्वास' लावला. कोकणातल्या खेड्यातून आजोबा नातवाला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात. कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. आता हे नातवाला सांगायचं कसं, इथवर आलं आणि बाबा उठले. "पुरे गो आता," म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. जेवले नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हा सिनेमा दाखवला, ही माझीच चूक का? उरलेला दाखवू, की विषयच काढू नको?

भरतीओहोटी
अजिबात आग्रह करू नका. त्याऐवजी 'किल्ला' लावा. वडील गेलेला मुलगा, आईची बदली, समुद्राकाठचं नवं गाव. मित्र त्याला किल्ल्यात एकट्याला सोडून जातात आणि वरून पाऊस कोसळत असतो, तो प्रसंग मी तीनदा पाहिलाय. आपल्याकडचा पाऊस एवढा खरा मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेला नाही. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी कॅमेराही स्वतःच केलाय, ते जाणवतं. बर्लिनला 2014 मध्ये क्रिस्टल बेअर मिळालं, ते मुलांच्या परीक्षक मंडळाकडून. आणि आईच्या कामात अमृता सुभाष. 'श्वास'मध्ये इस्पितळातली समाजसेविका तीच.

दापोलीकडचा
मला उलट वाटतं. बाबा जिथे उठले तिथे सिनेमा सोडणं वाईट, कारण पुढे आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून बाहेर पडतात. डोळे जायच्या आधी त्याला जग बघू दे म्हणून. अरुण नलावडे त्या भागात एकही मोठं वाक्य न बोलता सगळं सांगतात. तो दिवस पाहिला नाही तर मनात फक्त डॉक्टरची खोली राहते.

एक गोष्ट इथल्या माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. 1954 साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं. ते साने गुरुजींचं, म्हणजे आमच्या पालगडचं. त्यानंतर मराठीला तो मान मिळायला पन्नास वर्षं लागली, आणि मिळाला तो 'श्वास'ला. दोन्हींत कोकणातलं मूल आहे आणि त्याला कठीण गोष्ट सांगणारं घरचं माणूस आहे. बाबांना आधी विचारा मात्र, ते का उठले.

खळ्यातली
विचारलं. आज सकाळी, डोळ्यांत थेंब घालताना.

दादा सहा वर्षांचा असताना त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं मुंबईला, एवढंच मला माहीत होतं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. रात्रभर एसटीने बाबा त्याला एकटेच घेऊन गेले. बाबा म्हणाले, "त्याला राणीची बाग बघायला नेतो सांगितलं होतं. हत्तीला घालायला म्हणून त्याने वाटेत खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरून ठेवला होता. ऑपरेशनला आत नेताना त्या बाईंनी मूठ उघडली, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. त्या म्हाताऱ्याला सांगायचं होतं, आणि त्याचा धीर होत नव्हता. माझा तर झालाच नाही."

थेंबांमुळे डोळे मिटलेलेच होते. मी तशीच हात धरून बसले.

भरतीओहोटी, 'किल्ला' आज रात्री लावते, आईलाही बघायचाय. दापोलीकडचा, तुम्ही सांगितलेला इस्पितळाबाहेरचा दिवस मी बाबांना सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दादा शनिवारी येतोय ना पनवेलहून, तो आला की लाव.