विषय: नववा महिना आणि फ्लू
नमस्कार मंडळी,
बायकोला ३५वा आठवडा चालू आहे. कालपासून १०१ ताप, कोरडा खोकला, अंग मोडून आलंय. चाचणीत फ्लू निघाला. ती म्हणते, या दिवसांत औषध नको, अंगावर काढते. आई म्हणते, बाळ झालं की आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवा. काय करावं?

उत्तर:
भाऊ, प्रसूतीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते. अंगावर काढायचं नाही. ही मेल वाचून झाली की डॉक्टरांना फोन लावा. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध गरोदरपणात देतात आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी. त्यातला एक दिवस तुमचा गेलाच आहे. तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन मात्र आता नाही.

पोट वर सरकलेलं असतं, फुप्फुसांना जागा कमी आणि प्राणवायू लागतो जास्त. एरवी झेपेल असा न्यूमोनिया म्हणूनच हिला लवकर दमवतो. २००९च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर बायका १ टक्क्याच्या आसपास होत्या, मृतांमध्ये ५ टक्के. घाबरवायला नाही सांगत, फोन लावावा म्हणून सांगतेय. एक वाक्य बोलताना धाप लागली, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली गेला, पोट आवळून यायला लागलं किंवा बाळ कमी हललं, तर थेट हॉस्पिटल.

वारेतून फ्लू बाळापर्यंत सहसा पोचत नाही. भीती असते ती वेळेआधी कळा सुरू होण्याची.

उत्तर:
ताई, आणि दूध? आईंचं म्हणणं कसं मोडायचं?

उत्तर:
दूध पाजायचंच. मास्क लावायचा, दर वेळी हात धुवायचे, पाजून झालं की पाळणा जरा लांब. फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांआधी देत नाहीत, तोवर आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारी प्रथिनं, हीच त्याची शिदोरी. खोकणाऱ्या पाहुण्यांना मात्र दारातूनच नमस्कार. एवढंसं बाळ खोकतच असं नाही, कधी नुसतं दूध सोडतं, मलूल पडतं. ताप १००.४ झाला तर रात्र असली तरी निघा.

उत्तर:
गोळ्या दुपारीच सुरू केल्या. आज ताप ९९, बाळ लाथा मारतंय. आईने मास्क आणलेत, पण वेगळी खोलीही झाडून ठेवली आहे.