सिंगापूर: कॉरिडॉरमध्ये डास सोडतायत, सासूबाईंना काय सांगू?

तांबडारस्सा (टॅम्पिनीस):
सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्यात. काल लिफ्टजवळ एक माणूस डबा उघडून चक्क डास सोडत होता. त्या जपमाळ हातात घेऊन धावत आत. "अगं, इथे डास मारतात की पाळतात?" मी 'वोल्बाकिया' एवढंच म्हणू शकले. संध्याकाळपासून खिडक्या बंद आणि घरभर कापूर. गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंगी झाला होता, त्यामुळे हसताही येत नाही. हे चावले तर? हिट मारू का?

कुंडीवाला (यीशून):
सोडतात ते नर. नर चावत नाही, झाडांचा रस पितो. त्याच्या अंगात वोल्बाकिया हा जिवाणू असतो. अशा नराशी जुळलेल्या बाहेरच्या मादीची अंडी उबतच नाहीत. वेगळे काढताना चुकून एखादी मादी राहते, म्हणून एक्स-रे देऊन तिलाही वांझ करतात. अंगाभोवती घोंघावतात मात्र खरे, कारण त्यांना मादी माणसापाशीच सापडते. मी तर हातावर बसला की मारतोच, चष्मा लावून नर-मादी कोण बघत बसणार! ओळखायचंच असेल तर नराच्या मिशा झुपकेदार असतात. आणि कुंडीखालच्या बशीतलं पाणी आधी फेका, त्याचा दंड होतो.

तांबडारस्सा:
त्यांचा पुढचा प्रश्न: "मग एकदा सोडून का भागत नाही?"

कुंडीवाला:
नर मेला की काम थांबलं. मागे पिल्लंच नाहीत. म्हणून 2016 पासून सोडणं चालूच आहे.

जोग्जाची_माई:
इंडोनेशियातल्या योग्याकार्तात याच्या उलट केलं. तिथे माद्याही सोडल्या! लोकांच्या अंगणात अंड्यांच्या बादल्या ठेवायच्या, दोन आठवड्यांनी बदलायच्या. तिथल्या डासांतला जिवाणू मूळचा फळमाशीतला. तो आईकडून पिल्लांत जातो, त्यामुळे आपोआप पसरतो, आणि त्या डासात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही. माद्या चावतात, हे शेजारपाजाऱ्यांच्या गळी उतरवणंच खरं अवघड. 2021 साली निकाल छापून आला: डेंगी 77 टक्के कमी, इस्पितळात भरती होणारे 86 टक्के कमी. सांगलीचं विचारतील तर सांगा, पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्रानेही 2022 मध्ये असे डास तयार केलेत.

तांबडारस्सा:
सगळं वाचून दाखवलं. आता एक डास पेल्याखाली पकडून ठेवलाय आणि माझ्याकडे भिंग मागतायत.