पहिलीची तयारी: मुळाक्षरं घोटवायची का?

कुणीतरी विचारलंय की १५ जूनच्या आत मुळाक्षरं आणि १ ते १०० अंक घोटवून घ्यावेत का. माझं मत, नको. जिल्हा परिषद शाळांत २०२२ पासून 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. तिथं मुलाला उड्या मारायला, चित्र पाहून बोलायला, वस्तू मोजायला, त्यांचं वर्गीकरण करायला सांगतात. पाटीवर लिहायला लावण्यावर भर नसतो. मेळाव्यानंतर गावात माता गट जमतात. त्यांना कृतिपत्रिका मिळतात, त्या खाजगी शाळेतल्या पालकांनीही मागून पाहाव्यात.

घरी काय करता येईल? मटकी नि वाटाणे वेगळे करायला द्या, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला सांगा. डबा स्वतः उघडता येतो का, हे मात्र आत्ताच बघा! झाकण घट्ट असलं की पोर उपाशी परत येतं.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं, असं २०२० चं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं. वह्या-पुस्तकांना कव्हरं घालताना पोराला शेजारी बसवा, वाकडी झाली तरी चालतील. विदर्भवाल्यांना उन्हामुळे सुट्टीचे काही दिवस जास्त मिळतात, त्यांची मजा आहे.