काचेवरचा टवका : फिल्मच्या जागी काय लावावे?

गाडीच्या पुढच्या काचेवरचा टवका घरी भरायला रेझिन, म्हणजे अतिनील (यूव्ही) किरणांनी घट्ट होणारा चिकट द्रव, वापरतात. ते भरल्यावर त्यावर लावायची पारदर्शक फिल्म हरवल्यास सेलोटेप चालेल, असे येथे सुचवले गेले आहे. मला ते पटत नाही, कारण टेपचा डिंक ओल्या रेझिनमध्ये मिसळू शकतो. फिल्मचे मुख्य काम हवा अडवण्याचे असते : ही रेझिने बहुधा अ‍ॅक्रिलेट प्रकारची असतात आणि हवेतील ऑक्सिजनमुळे त्यांचा वरचा थर चिकटच राहतो. त्याऐवजी ओएचपी शीटचा (प्रोजेक्टरसाठीच्या पारदर्शक प्लास्टिक शीटचा) लहान, स्वच्छ तुकडा बुडबुडा राहणार नाही असा दाबून बसवावा. सन कंट्रोल फिल्म मात्र मुळीच नको, कारण ती अतिनील किरणच अडवते. नखांच्या जेलसाठीचा यूव्ही दिवा वापरायचा झाल्यास तो बाहेरूनच धरावा. कारण पुढच्या काचेच्या दोन थरांमधला पीव्हीबीचा (एका पारदर्शक प्लास्टिकचा) पडदा हे किरण शोषून घेतो.

गोव्यातले उन्हाळ्याचे ऊन रेझिन घट्ट करायला पुरते, पण रेझिन भरताना गाडी सावलीतच हवी, नाहीतर ते खोल उतरण्याआधीच घट्ट होते. पावसाळ्यात ढगांपेक्षा ओलाव्याची अडचण मोठी असते. टवक्यात पाणी राहिले तर रेझिन काचेला नीट धरत नाही, म्हणून जून-जुलैत टवका आधी हेअर ड्रायरच्या कोमट हवेने, दुरून सुकवावा. एकदम तापवल्यास चीर लांबू शकते. चालकाच्या थेट नजरेसमोरचा टवका कृपया घरी भरू नये.