कार्लाईलचा १९११ चा हंगाम मोहन बागानच्या विजयाशेजारी मांडता येईल का?

पेठेतला प्रेक्षक (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी फुटबॉल हंगामाच्या निमित्ताने भित्तिपत्रकाचा विशेषांक काढत आहेत. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागानने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, त्यावरचा लेख तयार आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील कार्लाईल इंडियन स्कूल या मूलनिवासी मुलांच्या शाळेने हार्वर्ड विद्यापीठाला १८-१५ असे नमवले. तेव्हा हे दोन विजय समोरासमोर छापावेत, असे एका विद्यार्थिनीने सुचवले आहे. कल्पना मला मनापासून आवडली. मात्र त्या संघाचा तो हंगाम एकूण कसा गेला, गुण कसे मोजले जात आणि ही तुलना कितपत रास्त आहे, हे जाणकारांनी सांगावे.

रंकाळाकर

आधी खेळाविषयी, कारण शाहू स्टेडियमवर वाढलेल्या वाचकाला १८-१५ हा आकडा बुचकळ्यात टाकेल. हा अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल. १९११ च्या नियमांनुसार तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की पाच गुण, त्यानंतरची किक साधली तर आणखी एक, आणि चालू खेळात खांबांमधून मारलेल्या किकचे तीन. कार्लाईलचा खेळाडू जिम थॉर्प याने हार्वर्डविरुद्ध अशा चार किक साधल्या, म्हणजे अठरापैकी बारा गुण एकट्याच्या पायाचे. आणि तेही आदल्या आठवड्यात ज्या दुखापतीमुळे त्याला बाहेर बसावे लागले होते ती अंगावर असताना.

हंगामात बारा सामने झाले, त्यांपैकी अकरा कार्लाईलने जिंकले; संघाने २९८ गुण केले आणि केवळ ४९ दिले. माझ्या मते या हंगामाचे खरे मोठेपण एका हार्वर्डच्या सामन्यात नाही, तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून लागोपाठ आलेल्या शनिवारांमध्ये आहे. पिट्सबर्गवर १७-०, लाफायेटवर १९-०, थॉर्पशिवाय पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठावर १६-०, मग ११ नोव्हेंबरला हार्वर्ड, आणि त्यानंतर आठवडाभरातच सिरॅक्यूजकडून ११-१२ असा एका गुणाने पराभव. आपल्याकडे दोन चुरशीच्या सामन्यांनंतर पेठेतली पोरे कशी थकलेली असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा पराभव सहज समजेल. प्रशिक्षक पॉप वॉर्नर हे डावपेचांत तरबेज होते आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाल्यावर तिचा उपयोग लवकर ओळखणाऱ्या संघांत कार्लाईल अग्रभागी होते. १९०७ मध्येही त्यांनी हार्वर्डला २३-१५ असे हरवले होते, त्यामुळे १९११ चा विजय योगायोगाचा म्हणता येणार नाही.

बोर्डिंगचा जुना विद्यार्थी

माहिती उत्तम आहे, परंतु तुलनेबद्दल माझा स्पष्ट आक्षेप आहे. मोहन बागान हा कलकत्त्यातील लोकांनी १८८९ मध्ये स्वतः उभा केलेला क्लब होता. कार्लाईलची शाळा मात्र रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील जुन्या लष्करी बराकींत सुरू केली, आणि मुलांमधील मूलनिवासीपण पुसून टाकणे हा तिचा उघड हेतू होता. तिथे आलेल्या मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, मातृभाषा बोलण्यास बंदी घातली गेली; शाळेच्या आवारात १८० हून अधिक मुलांना पुरले गेले, आणि त्यांपैकी काहींचे अवशेष २०१७ पासून त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत.

कोल्हापूरच्या वाचकाने तर हा फरक चटकन ओळखायला हवा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला. खेड्यातून आलेल्या मुलाला तिथे शिक्षणासाठी आपले नाव, भाषा किंवा देवघर सोडावे लागले नाही. त्याच काळात दुसऱ्या टोकाला शिक्षणाच्या नावाखाली नेमके हेच हिरावून घेतले जात होते. हार्वर्डवरील विजय छापताना ही बाजू वगळली, तर त्या शाळेने स्वतःची जी जाहिरात केली असती तीच आपण छापू.

उत्तरेश्वर

वरील आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे, तरी त्या मुलांकडे केवळ अन्याय सोसणारी मुले म्हणून पाहिले तर त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. एका विद्यार्थ्याचा पाय मोडल्यावर प्रॅट यांनी बाहेरच्या संघांशी खेळणे बंद केले होते. ते पुन्हा सुरू करावे म्हणून विद्यार्थीच एकत्र होऊन त्यांच्याकडे गेले. प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही, या अटीवर परवानगी मिळाली. ज्या शाळेत नावसुद्धा आपले राहिले नव्हते तिथे मैदान त्यांनी मागून घेतले होते, आणि म्हणूनच त्या विजयाचे श्रेय प्रॅट किंवा वॉर्नर यांच्याआधी खेळाडूंना द्यायला हवे. पैशाची बाजूही नमूद करावी, कारण सामन्यांच्या उत्पन्नातून उभा राहिलेला क्रीडानिधी कसा खर्च झाला याची चौकशी १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केली, वॉर्नर शाळा सोडून गेले आणि १९१८ मध्ये शाळाच बंद पडली.

जागा असेल तर थॉर्पचे पुढचे वर्षही घ्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन (पाच खेळांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा खेळांची स्पर्धा) या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक मिळवले. पूर्वी बेसबॉल खेळून मानधन घेतले या कारणावरून पुढच्याच वर्षी पदके काढून घेतली गेली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडले.

पेठेतला प्रेक्षक

आपणा तिघांचा आभारी आहे. दोन्ही लेख समोरासमोरच राहतील, पण कार्लाईलच्या लेखाची सुरुवात हार्वर्डपासून न करता मुलांनी मागून घेतलेल्या मैदानापासून करू, आणि शाहू महाराजांच्या वसतिगृहांवर स्वतंत्र चौकट देऊ. गुणांचे नियम लेखातच आले पाहिजेत, हेही विद्यार्थ्यांना सांगितले आहे. बोर्डिंगच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक विनंती: ती चौकट आपणच लिहून द्याल का? साधारण दीडशे शब्दांची जागा ठेवली आहे.