जुने फेरफार गहाळ, खापरपणजोबांचं नाव कुठे शोधू?

नांगरट:
मंडळी, वंशावळ लिहायला घेतलीय. गाव वाळवा तालुक्यात, जिल्हा सांगली. एका फेरफारावरून (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) मागचा फेरफार असं करत १९३१ पर्यंत पोचलो आणि तिथेच अडलो. त्याआधीची वही तहसीलच्या रेकॉर्ड रूमला धड उरलेलीच नाही. कारकुनाने रुमाल, म्हणजे दप्तराचं कापडी गाठोडं, सोडून दाखवला, आतले कागद वाळवीने चाळण केलेले, हात लावला की भुगा. पणजोबा सापडले, त्यांचे वडील नाहीत. जमिनीचा वाद नाही, फक्त नावं हवीत.

बांधावरचा:
तहसीलचा नाद सोडा. उपअधीक्षक भूमी अभिलेखकडे नकलेचा अर्ज टाका आणि कडईपत्रक मागा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदींचं जुनं पत्रक, ते १९३० च्या आधीचं असतं. मात्र आजचा गट नंबर तिथे चालत नाही. १९४७ च्या कायद्याने पुढे जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तेव्हा नंबर बदलले. आधी एकत्रीकरणाचा नऊ-तीन नऊ-चारचा उतारा (कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला ते दाखवणारा) काढून जुना सर्व्हे नंबर मिळवा. नाव घेऊन गेलात तर परत पाठवतील, नंबर घेऊन जा.

कृष्णाकाठ:
वाळवा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता! आधी दक्षिण सातारा झाला, 'सांगली' हे नाव १९६० चं. साताऱ्याच्या अभिलेख कक्षातही अर्ज करून ठेवा, त्यावर जुना जिल्हा लिहा.

मोडीवेडी:
गाव नमुना १४ बघितलात का? जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी अशी बरीच बुकं स्कॅन झाली, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चाळा. मोडी येत नसेल तर निदान 'बिन' आणि 'वलद' ही दोन अक्षरचित्रं डोळ्यांत बसवा. दोन्हींचा अर्थ 'चा मुलगा'. 'राणू बिन संतू' दिसलं की दोन पिढ्या एका ओळीत. आडनाव शोधत बसू नका, पुष्कळदा नसतंच. इनाम-वतन असेल तर मात्र पुण्याचं पुरालेखागार.

नांगरट:
नऊ-तीन नऊ-चार मिळाला. आमच्या एका गटात तीन सर्व्हे नंबर गेलेत. त्यातला वडिलोपार्जित कुठला, कळेना.

बांधावरचा:
थोरल्या चुलत्यांना रानाचं नाव विचारा, वरची पट्टी की ओढ्याकडची. नाहीच कळलं तर तिन्हींच्या नकला काढा. पैसे थोडे जास्त जातील, पण तुटलेली भावकीही त्यातच सापडेल.