मदत हवी आहे: युरोपातले मित्रदेश आपल्या हेरांनी मिळवलेली माहिती एकमेकांपासून का लपवतात?

रेवा_पुणे: शुक्रवारी सेमिनार, आज मंगळवार. 'एकमेकांवर विश्वास नाही' असं लिहून नेलं तर सरांनी समासात लाल पेनाने लिहिलं, "हा परिणाम झाला. कारण कुठाय?" दोन दिवस तिथेच अडकलेय. प्लीज लवकर सांगा.

भटक्या: युरोप म्हणजे युरोपीय संघ की नाटो? एमए की पीएचडी? किती वेळ बोलायचंय?

रेवा_पुणे: संघ. एमए. पंधरा मिनिटं.

जुनी_खाकी: मी पोलीस खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली चार विशेष शाखेत. खबर कागदावर चढली की खबऱ्याचा जीव टांगणीला. ती शेजारच्या ऑफिसला दिली, की पुढे कोणाच्या टेबलावर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. देशादेशांत तेच. कायद्याची कलमं शोधत बसू नकोस.

डॅन्यूबकाठी: काका, खबऱ्याचं पटलं, पण कलमं सोडून कसं चालेल? संघाच्या करारातच, कलम ४(२), राष्ट्रीय सुरक्षा ज्या त्या देशाची जबाबदारी असं लिहिलंय. म्हणून ब्रुसेल्सचं इंटसेन, म्हणजे संघाचं गुप्तवार्ता केंद्र, स्वतः हेर पाठवत नाही, देश देतील त्यावर अहवाल करतं. अंतर्गत गुप्तवार्ता खात्यांची खरी देवाणघेवाण बर्न क्लबात, म्हणजे त्या खात्यांच्याच अनौपचारिक गटात, तीही संघाच्या चौकटीबाहेर. नियम एकच: ज्याची माहिती, त्याला विचारल्याशिवाय तिसऱ्याला द्यायची नाही.

रेवा, मी व्हिएन्नात राहते म्हणून सांगते, ऑस्ट्रियाच घे. २८ फेब्रुवारी २०१८ ला इथल्या पोलिसांनी स्वतःच्याच देशाच्या गुप्तवार्ता खात्यावर, बीव्हीटीवर, छापा घातला आणि डेटा उचलून नेला. परदेशी खात्यांनी विश्वासाने दिलेली माहितीही त्यात होती. बहुतेक झडत्या बेकायदा होत्या असं कोर्टाने त्याच ऑगस्टमध्ये ठरवलं, पण तोवर मित्रदेशांनी हात आखडता घेतला होता. २०२१ मध्ये खातंच मोडून त्याजागी डीएसएन हे नवं खातं उभारावं लागलं. मार्च २०२४ मध्ये बीव्हीटीच्या एका माजी अधिकाऱ्याला रशियासाठी हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली, तेव्हाही इथल्या कायद्यात, लष्करी हेरगिरी सोडली तर, हेरगिरी गुन्हा ठरायची ती ऑस्ट्रियाच्या हिताविरुद्ध असेल तरच. शेजाऱ्यावर नजर ठेवली तर बहुतेकदा शिक्षा नव्हती! मग शेजारी काय म्हणून सांगेल?

सुमेध_जे: ताई, युरोपात पुढे शिकायचं असेल तर आत्तापासून जर्मन लावा. मी ए२ केलं, व्हिसाच्या वेळी फार उपयोग झाला.

भटक्या: सुमेध, तिने व्हिसाचं विचारलेलं नाही.
डॅन्यूबकाठी, सगळं ऑस्ट्रियावर ढकलू नका. एस्टोनियात हरमन सिमने संरक्षण मंत्रालयात बसून नाटोची गुपितं रशियाला दिली. २००८ मध्ये अटक, साडेबारा वर्षं शिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या बीएनडीतलाच, म्हणजे परदेशी गुप्तवार्ता खात्यातलाच, माणूस पकडला गेला. तिथे कायदे कडकच आहेत. घरात फितूर असेल तर कलम काय करणार?

जुनी_खाकी: मी तेच म्हणतोय. माणूस!

डॅन्यूबकाठी: फितूर सगळीकडे निघतात काका. पण छापा फितुराने नाही घातला, सरकारी शिक्क्याचं वॉरंट घेऊन घातला. देणाऱ्याला दोन्हींपासून धोका.

रेवा_पुणे: म्हणजे कारण हे, की माहिती एकदा दिली की तिच्यावर देणाऱ्याचा ताबा उरत नाही, आणि कलम ४(२) मुळे संघ कोणाला सहजी जाबही विचारू शकत नाही. बरोबर ना? पहिली स्लाइड छाप्याची करते. त्या झडतीचं वॉरंट कोणी मागितलं होतं?

डॅन्यूबकाठी: सरकारी वकिलांनी. जर्मन बातम्या चालतील का? आज रात्री शोधून देते.

रेवा_पुणे: चालतील. जागी आहे मी.